पाऊणाचं पाऊण

आमच्या बाईंना अख्खी वस्तू बघवत नसे. कुणी पेरू दिला की त्या आधी त्याचे दोन भाग करत, मग चार, आणि मग एकेक फोड खात. समोर कुणी नसलं तरी हेच. भाकरी त्यांनी कधी कडेनं मोडली नाही. मधोमध मोडायच्या, दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून कडा जुळतात का ते बघायच्या आणि जुळल्या नाहीत तर स्वतःशीच "च्" करायच्या. पिशवीत कायम एक कात्री असे. शिंप्याची, मोठी, काळ्या मुठीची. तिच्यामुळे गावातल्या बायका त्यांना पाठीमागे 'कातरबाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्या दौंडच्या. वडिलांचं स्टेशनाजवळच्या गल्लीत शिलाईचं दुकान होतं. रेल्वेत कामाला असलेल्या माणसांचे सदरे आणि विजारी ते शिवत, आणि लहानपणी बाई त्यांच्या मशीनपाशी बसून कापडाच्या घड्या घालत. "माझी शाळा तिथंच झाली," असं त्या सांगायच्या. "अब्बा म्हणायचे, आधी घडी घाल, मग कात्री लाव. घडी चुकली तर कापड परत सांधता येत न्हाई." सातवीची फायनल पास होऊन, ट्रेनिंग करून त्या आमच्या गावच्या शाळेत आल्या तेव्हा मी तिसरीत होते. आमचं गाव मांडवगण फराट्याच्या शेजारचं, भीमेच्या काठावरचं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई नावेनं नदी ओलांडून दौंडकडे जात आणि सोमवारी परत येत. नाववाला सांगायचा की पाण्याच्या मधोमध आलं की बाई हात वर करून म्हणतात, "अर्धं झालं!" एकदा तो मुद्दाम म्हणाला, "बाई, अजून थोडं हाय." तर बाईंनी दोन्ही काठांकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "न्हाई, तू मला फसवतोयस." नाववाल्यानं कबूल केलं.

लग्न का केलं नाही, हे विचारायची आमच्याकडच्या बायकांना भारी हौस. विहिरीवर एकीनं विचारलंच. बाई हसून म्हणाल्या, "भाकरी सारखी मोडणारा नवरा कुठं हाय का बघा. सापडला तर लगेच करते." बायकांनी आपापले नवरे आठवून बघितले असावेत, कारण पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

बाई यायच्या आधी आम्हाला थोरले गुरुजी शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांच्या वर्गात रोज दुपारी पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे म्हणायचे. "एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण..." सगळी पोरं झुलत झुलत एका सुरात म्हणत आणि माझी जीभ तिसऱ्या-चौथ्या ओळीतच अडकायची. पुढचं काय येतं ते मला आठवायचंच नाही, कारण आधीचं काय म्हणतोय तेच कळत नव्हतं. पाव म्हणजे काय, पाऊण म्हणजे काय, ही कुठल्या गावची नावं आहेत, कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी मला दाराजवळ बसवलं होतं. मधूनच उठून गेले तरी कुणाचा खोळंबा होऊ नये म्हणून.

घरीही ठरत आलं होतं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, एकदा जेवताना आईला म्हणाले, "पोरीला पाढं येत न्हाईत. म्हंजी डोस्कंच न्हाई तिला. परीक्षा झाली की शाळा बंद करू. शेरडं तरी राखंल." आई भाकरी थापत राहिली. मी ताटातल्या भाकरीकडे बघत बसले.

बाईंनी पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा पोरांनी सवयीनं पावकी सुरू केली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग विचारलं, "तीन पाव पाऊण. कशाचे पाव?"

झुलणारी पोरं थांबली.

"अरे, कशाचे? भाकरीचे? गावाचे? म्हशीचे?"

पोरं हसायला लागली. बाई हसल्या नाहीत. "अर्धं असं नुसतं काही नसतं," त्या म्हणाल्या. "कशाचं तरी अर्धं असतं. आधी ते सांगायचं, मग पुढं बोलायचं." त्या दिवसापासून 'कशाचं?' हा शब्द आमच्या वर्गाचा झाला. कुणी म्हणालं, "बाई, माझं अर्धं लिहून झालं," की सगळा वर्ग ओरडे, "कशाचं?" घरी आई म्हणाली, "अर्धा तांब्या पाणी आण," तर मी विचारलं, "कुठल्या तांब्याचा?" आणि पाठीत धपाटा खाल्ला. तांबे आमच्याकडे दोन होते, एक मोठा आणि एक लहान. माझा प्रश्न बरोबरच होता असं मला अजूनही वाटतं.

वर्गात त्यांचा एक कायदा होता. जो कापेल, त्यानं शेवटी उचलायचं. पेरू असो, गुळाचा खडा असो, वाटणी करणाऱ्याला सगळ्यांत शेवटी उरलेला तुकडा मिळणार. पहिल्या आठवड्यात एका पोरानं पेरूचे दोन भाग केले, एक मोठा आणि एक चिमुकला, आणि सवयीनं मोठ्यावर हात टाकला. बाईंनी त्याचा हात धरला. समोरच्यानं मोठा उचलला. पुढच्या वेळी त्याच पोरानं पेरू असा काही मधोमध चिरला, की बिया मोजून वाटल्यासारख्या दिसत होत्या. सारखे भाग म्हणजे काय, हे बाईंना आम्हाला कधी सांगावंच लागलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला नदीच्या वाळूतली कलिंगडं यायला लागली. बाईंनी चांगली मोठी दोन कलिंगडं आणवली आणि फळ्यावर दोन आकडे लिहिले. एका बाजूला एक चतुर्थांश, दुसऱ्या बाजूला एक अष्टमांश. "ज्याला जे पाहिजे त्यानं त्या बाजूला उभं राहायचं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आठ मोठे की चार मोठे, हे काय विचारायचं झालं? बहुतेक सगळे आठच्या बाजूला पळाले. मीही पळाले. चारच्या बाजूला तीन-चार पोरं राहिली, तीसुद्धा ढकलाढकलीत मागं पडली म्हणून.

बाईंनी एक कलिंगड चार जागी कापलं, दुसरं आठ जागी. मागं पडलेल्या पोरांच्या हातात केवढ्या तरी फोडी आल्या. रस कोपरापर्यंत ओघळत होता. आम्हाला मिळाली पातळ फोड, आणि आम्ही इतके जण, की तीसुद्धा वाटून घ्यावी लागली. एक पोरगा रडायलाच लागला. "बाई, आठ मोठे ना?"

"आठ मोठे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर कलिंगडाला आठ ठिकाणी जावं लागलं. जेवढी माणसं जास्त, तेवढी फोड बारीक."

मी माझी बारीक फोड हातात धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी सुटलं. गाठ सुटते तसं. खाली लिहिलेला आकडा म्हणजे किती जणांत वाटलं ते. वरचा म्हणजे माझ्या वाट्याला किती आले ते. बास, एवढंच होतं! मी इतकी जोरात हसले की बाईंनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "बाई, मला कळलं." बाईंनी मला दाराजवळून उठवलं आणि पुढच्या ओळीत आणून बसवलं.

पण गावात कुजबुज सुरू झाली होती. बाईंच्या वर्गातून पावकीचा आवाज येत नाही. खिदळण्याचा येतो, कात्रीचा येतो. पोरं घरी येऊन कागद फाडतात, धोतराच्या घड्या घालतात, पाढे म्हणत नाहीत. ही कुजबुज आबांपर्यंत गेली.

आबा म्हणजे शाळा कमिटीचे मुख्य. गावातले मोठे बागायतदार. त्यांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, शेवटपर्यंत पाठ होता आणि पहाटे मळ्याकडे जाताना ते तो मोठ्यानं म्हणत जात. आम्ही घरात अंथरुणात ऐकायचो. आकड्यांवर त्यांचं खरं प्रेम होतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढच्या प्रसंगात ते उगाच वाईट दिसतील. आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हापासून ते जरा दुखावलेले होते. आपल्या घरातलं कुणीतरी गेल्यासारखे बोलायचे.

एका सकाळी ते शाळेत आले. पांढरंशुभ्र उपरणं खांद्यावर, हातात काठी. थेट वर्गातच. "बाई, तुमच्याबद्दल माझं वाईट मत न्हाई," ते म्हणाले. "पण पावकी-निमकी न्हाई तर गणित न्हाई. पोरांचं नुकसान व्हतंय. मी तालुक्याला सांगून तुमची बदली करून घ्यावी म्हणतो. दौंडजवळ कुठं तरी मिळंल, खुटबावला म्हणा. तुमचीबी सोय व्हईल."

मी दाराकडे बघितलं. बाई गेल्या की परत थोरले गुरुजी, परत पावकी, परत दाराजवळची जागा. आणि मग शेरडं.

बाईंनी कात्री खाली ठेवली. "आबा, तुम्ही पोरांना विचारून बघा. पोरांना आलं न्हाई तर मी स्वतः बदली मागून घेते. तुम्हाला तालुक्याला जायचं कष्ट नको."

"काय विचारू?"

"तुमच्या मनाला येईल ते. पावकीतलं, औटकीतलं, कसलंही अपूर्णांकाचं. मी तोंड उघडणार न्हाई. फक्त पोरांनी उत्तर कसं काढायचं, ते पोरांवर सोडा."

आबांना आव्हान आवडायचं. "मग गावासमोरच व्हऊ दे," ते म्हणाले. "रविवारी. शाळेच्या पटांगणात."

त्या रविवारी बाई दौंडला गेल्याच नाहीत. पटांगणात सतरंजीवर आम्ही, समोर खुर्चीत आबा, शेजारी थोरले गुरुजी, आणि भोवती अख्खं गाव. बायका भिंतीकडेनं उभ्या होत्या. दादाही आले होते, मागे लिंबाखाली. बाई कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की मलाच भीती वाटली.

"सतरा पाव किती?" आबांनी पहिलाच प्रश्न टाकला.

पुढच्या ओळीतला एक पोरगा उभा राहिला. बोटांवर काहीतरी केलं. "सोळा पावांचे चार झाले. एक पाव उरला. सव्वाचार."

"बरोबर. पण उशीर लागला," आबा म्हणाले. लोक हसले. "तेरा दीड?"

दुसरी एक मुलगी उठली. "तेरा, आन् तेराचे निम्मे साडेसहा. साडेएकोणीस."

"बरोबर," आबा म्हणाले. आता हसू जरा कमी झालं होतं. आबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांची नजर आमच्यावरून फिरत फिरत माझ्यावर आली. मी मान खाली घातली आणि तीच चूक झाली.

"ती पोरगी. व्हय, तूच. तुला पाढं येत न्हाईत म्हंत्यात. ऊठ. पाऊणाचं पाऊण किती?"

भिंतीकडच्या बायकांत चुळबूळ झाली. थोरले गुरुजी आबांकडे वळून हळूच म्हणाले, "आबा, हे तिसरीला नसतं." पण आबांनी हात वर केला. लिंबाखालचे दादा जमिनीकडे बघायला लागले. ते मला दिसलं.

मी उभी राहिले. पाठ केलेलं काहीच आठवेना, कारण पाठ केलेलं काही नव्हतंच. आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कशाचं?"

सगळं पटांगण हसलं. आबासुद्धा. "कशाचं बी घे की! तुझ्या मनाला यील त्याचं!"

"मग तुमचं उपरणं द्या."

हसणं थांबलं. आबांच्या अंगावरचं उपरणं मागायची हिंमत गावात कुणाची नव्हती. आबांनी बाईंकडे बघितलं. बाई आकाशाकडे बघत होत्या. शेवटी आबांनी उपरणं उतरवलं आणि माझ्यापुढं धरलं.

मी ते सतरंजीवर पसरलं. मैत्रिणीनं दुसरं टोक धरलं. लांबीत आधी निम्मी घडी, मग त्याची निम्मी. नखानं दाबून मोड पाडला, बाई पाडायच्या तसा. उलगडलं तर चार पट्टे. "हा पाव, हा पाव, हा पाव, हा पाव," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "यातले तीन घेतले की पाऊण उपरणं." चौथा पट्टा मी खाली दुमडून टाकला.

"आता या पाऊणाचं पाऊण पाहिजे." मी आडव्या घड्या घातल्या, पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं. उलगडलं, आणि मैत्रिणीनं पुढं केलेला लाल खडू घेऊन मोडांवर रेघा ओढल्या. आबांच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर. मागून कुणी तरी "अगं बया!" म्हणालं. आडवा एक भाग मी सोडून दिला, आणि जे राहिलं त्यावर हात ठेवला.

"हे पाऊणाचं पाऊण. घरं नऊ."

"नऊ कशातले?" आबांनी विचारलं. आता 'कशातले' त्यांनी विचारलं होतं, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी दुमडलेला पट्टा मोकळा केला, त्याच्यावरही रेघा नेल्या. सगळं उपरणं चौकटीचं झालं. "सगळी घरं सोळा. सोळातली नऊ. नऊ सोळांश."

आबांनी मान हलवली. "चूक. पाऊणाचं पाऊण नऊ आणे. बारा आण्याचं पाऊण नऊ आणे व्हत्यात. मला पाठ हाय."

लोकांत कालवा झाला. कुणी म्हणे पोरगी चुकली, कुणी म्हणे बरोबर आहे. मला आणे नीटसे माहीत नव्हते. मी घाबरून बाईंकडे बघितलं. बाई बोलणार नव्हत्या. त्यांनी तसं कबूल केलं होतं. पण मला विचारायला कुणी मनाई केली नव्हती.

"आबा, रुपयाचे आणे किती?"

"सोळा," आबा म्हणाले. "सोळा आणे म्हंजी..."

आणि ते थांबले. खुर्चीतून उठले. काठी टाकून सतरंजीवर गुडघ्यावर बसले आणि बोटानं उपरण्यावरची घरं मोजायला लागले. नऊ मोजली. मग सोळा मोजली. परत नऊ मोजली. त्यांचा चेहरा असा झाला, जसा माझा कलिंगडाच्या दिवशी झाला असेल.

"आरं तिच्या मायला!" ते ओरडले. "जल्मभर म्हंत आलो नऊ आणे, नऊ आणे. आन् ते असं दिसतंय व्हय!" मग मान वर करून गावाला म्हणाले, "बघा रं! या, बघा! पोरीनं माझं उपरणं मोजलं!"

माणसं पुढं झाली. ज्याला त्याला घरं मोजायची होती. बायकाही भिंत सोडून आल्या. थोरले गुरुजी चष्मा पुसून वाकले आणि म्हणाले, "मी इतकी वर्षं म्हणायला लावलं. एकदा दाखवलं असतं तर?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. पोरांनी आरडाओरडा करून पटांगण डोक्यावर घेतलं होतं. कुणी तरी मला उचललं. उचलणारे हात दादांचे होते, हे खांद्यावर बसल्यावर कळलं. दादा कुणाला तरी सांगत होते, "माझी हाय ती. माझी पोरगी."

बाई अजून कोपऱ्यातच होत्या. हाताची घडी सुटली होती आणि दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून त्यांनी तोंडापुढे धरले होते. डोळे वाहत होते, आणि त्या हसत होत्या.

आबा त्यांच्यापुढं गेले. "बाई, बदलीचं ऱ्हाऊ द्या."

"राहिलं," बाई म्हणाल्या. "पण आबा, पावकी मी सोडलेली न्हाई. आता म्हणू दे पोरांना. आता त्यांना कळंल काय म्हणतायत ते. आन् औटकी तुम्हीच येऊन शिकवा, मला ती अर्धीच येते."

"अर्धी? कशाची—" आबा बोलून गेले आणि स्वतःच मोठ्यांदा हसले.

पुढं बाई आमच्या गावात बरीच वर्षं राहिल्या. गावच्या जत्रेत प्रसादाचे वाटे करायला बाईंनाच बोलवायची रीत पडली, कारण त्यांनी केलेल्या वाट्यावर कुणी भांडत नसे. ईदला त्या घरोघर शीरखुर्मा धाडत आणि सगळ्या वाट्या एका रेषेपर्यंत भरलेल्या असत. मी सातवी पास झाले, ट्रेनिंगला गेले, मास्तरीण झाले. पण मला त्यांची आठवण येते ती त्या रविवारची नाही, दुसऱ्या दिवसाची.

सोमवारी सकाळी मी लवकरच शाळेत गेले. तर दारात ही गर्दी. मुलीच मुली. ज्या कधी शाळेत आल्या नव्हत्या त्या, ज्यांना दोन वर्षांपूर्वी काढून घेतलं होतं त्या, काखेत धाकटं भावंड घेऊन आलेल्या. कुणाच्या आया बरोबर, कुणाच्या आज्या. आबा आपल्या नातीचं बोट धरून उभे होते. तिला आजवर त्यांनी घराबाहेर सोडलं नव्हतं.

थोरले गुरुजी गोंधळून गेले होते. "बाई, एवढ्या पोरी बसवायच्या कुठं? खोलीत माणूस मावायचा न्हाई. पुढच्या साली खोली मागू, मग बघू."

बाईंनी खोलीकडे बघितलं, मग दारातल्या पोरींकडे.

"खोली नको गुरुजी," त्या म्हणाल्या. "अंगण द्या."

आणि उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या आणि भिंतीवरचा फळा काढायला लागल्या. फळा जड होता. एकटीला पेलेना. तेव्हा आबांनी नातीचं बोट सोडलं, आत जाऊन दुसरं टोक धरलं, आणि त्या दोघांनी मिळून तो फळा उंबऱ्यावरून उन्हात आणला.